जळगावचे जनरल

आप्पांची नोकरी वीज मंडळात गेली, बिलांच्या टेबलावर. फौजेशी संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरता, आणि तोही परेडनंतरच्या नाश्त्यामुळे टिकलेला. तरी सगळं जळगाव त्यांना जनरल म्हणतं.

“काय भो, काय वाचून राहिला?” हा प्रश्न ते उत्तरासाठी विचारत नाहीत. तुम्ही ‘श्यामची आई’ म्हणा, नाहीतर केळीवरच्या करप्याची माहितीपुस्तिका म्हणा, हुकूम एकच सुटतो : “ठेव ते बाजूला. आधी पानिपत!”

पानिपतचा क्रम ठरलेला. आधी विश्वास पाटलांची १९८८ची कादंबरी. ती वाचून रडायला आठवडाभर मुभा. मग डोळे पुसून शेजवलकरांचा इतिहास. आणि तुम्ही तरलात तर राजवाड्यांचा १८९८चा पहिला खंड, त्या काळातली अस्सल पत्रं. “कादंबरीत मराठे तलवारी मागतात, पत्रांत पैसे मागतात. लढाई कशी हरतात ते तिथं कळतं,” असं म्हणताना त्यांच्यातला बिलं तपासणारा कारकून जागा होतो. मला हे त्यांचं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं.

बाकी माणूस बघून पुस्तक देणं त्यांना जमत नाही. मेहुणीनं प्रेमकथा मागितली, तर इनामदारांची ‘राऊ’ दिली आणि वर बजावलं, “मस्तानीची पानं सोडली तरी चालेल, मोहिमा सोडू नको.” दवाखान्यात पडलेल्या शेजाऱ्याच्या उशाशी कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ ठेवून आले. स्टालिनग्राडपर्यंत डिस्चार्ज मिळतोच, हा त्यांचा अंदाज. एनडीएची तयारी करणाऱ्या पोराला मात्र शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ दिलं, १९६२च्या पराभवावरचं. जिंकलेल्या लढाया काय, कोणीही वाचतं!

संक्रांतीला त्यांच्याकडे जाणं जोखमीचं. पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१! हातावर तिळगूळ पडतो न पडतो तोच, “दुपारपर्यंत आपणच वरचढ होतो हं.” आतून काकू विचारतात, “मग दुपारी तरी जेवायला याल ना?”

जळगावकरानं धुळ्याचं कौतुक करायचं म्हणजे जिवावर येतं. पण राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं, म्हणून जनरल धुळ्याला सगळं माफ करतात. तिथून शिरपूर तालुक्यातलं थाळनेर गाठायचं, हाही नेम. तापीकाठच्या त्या किल्ल्यात १८१८च्या फेब्रुवारीत हिस्लॉपच्या इंग्रज फौजेनं शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. ब्रिटिश पार्लमेंटातही त्यावर प्रश्न उठले. “लोक मला वॉटर्लू सांगतात,” जनरल चिडतात, “थाळनेरला एसटी जाते, ते नाही कोणाला माहीत!” इथं मी त्यांच्याशी वाद घालत नाही. घालायला जागाच नसते.

तुम्हाला त्यांच्याकडून पुस्तक हवं असेल तर जरूर जा, नाही म्हणणार नाहीत. फक्त परत करताना तोंडी परीक्षा असते. शेजवलकर नुसता चाळून जाऊ नका. ते नकाशा पसरतात आणि अब्दालीनं यमुना कुठं ओलांडली त्यावर बोट ठेवायला लावतात. बागपत, लक्षात ठेवा.