बिनपरवान्याची विमा कंपनी

भारतात विमा कंपनी काढायची तर किमान १०० कोटी रुपयांचं भरणा झालेलं भांडवल लागतं. वर नियामकाचा परवाना, ॲक्चुअरी, लेखापरीक्षक आणि फॉर्मांची चवड. या भानगडीत न पडता त्याच धंद्यात शिरण्याची वाट इन्स्टाग्रामवर कानातली, व्हॉट्सअ‍ॅपवर बुकमार्क आणि फेसबुकवर जुनी पुस्तकं विकणाऱ्या मंडळींनी शोधून काढली आहे. माल साध्या पोस्टाने पाठवायचा. पाकिटावर ट्रॅकिंग नंबर नाही, हातात पावती नाही. पाकीट लाल पेटीत पडलं की मालाचा विमा उतरला. विमा कंपनी खुद्द विक्रेता, हप्ता शून्य, आणि दावा आला की भरपाई शंभर टक्के, त्याच संध्याकाळी, यूपीआयने. आयुर्विम्यापासून पीकविम्यापर्यंत कोणत्याही ग्राहकाने एवढी तत्पर सेवा पाहिलेली नसेल.

लोक या धंद्यात का पडतात, ते दरपत्रक वाचलं की कळतं. साध्या पत्राला दर २० ग्रॅमला ५ रुपये. म्हणजे १०० ग्रॅमचं पाकीट २५ रुपयांत देशात कुठेही. कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे नवे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. त्यात २०१ ते ५०० किलोमीटरच्या टप्प्यात ५१ ते २५० ग्रॅमला ६३ रुपये, वर जीएसटी. फरक झाला पन्नासएक रुपयांचा. दीडशे रुपयांच्या ग्रीटिंग कार्डांवर ‘शिपिंग फ्री’ असं गुलाबी अक्षरांत लिहून बसलेल्या माणसाला हे पन्नास रुपये खर्चातली बचत वाटत नाहीत, निव्वळ नफा वाटतात.

पूर्वी मधला एक रस्ता होता. ‘रजिस्टर’ नावाची सेवा स्पीड पोस्टपेक्षा बऱ्याचदा स्वस्त होती. पाकिटाला नंबर मिळे आणि घेणाऱ्याची सही होई. २०२५ मध्ये ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता नोंदणी हवी तर स्पीड पोस्टच्या दरावर ५ रुपये आणि जीएसटी जादा मोजायचे. मधला रस्ता बंद झाल्यावर माणूस वरच्या रस्त्याला लागेल, असा खात्याचा हिशेब असावा. बरीच पाकिटं खालच्या रस्त्याने निघाली.

खरी कमाल गावातल्या गावात होते. त्याच ५१ ते २५० ग्रॅमच्या टप्प्याला स्थानिक स्पीड पोस्टचा दर २४ रुपये आहे. जीएसटी धरून २८ रुपये आणि वर थोडे पैसे. साधं पाकीट २५ रुपयांना. कोथरूडहून हडपसरला कार्ड पाठवणारा विक्रेता साडेतीन रुपयांच्या आतल्या बचतीसाठी पूर्ण मालाची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि घरी जाताना रिक्षा करतो.

पुढचा संवाद ठरलेला असतो. आठव्या दिवशी मेसेज येतो, “ताई, पार्सल आलं नाही हो अजून.” उत्तर जातं, “सोमवारीच टाकलंय ताई, येईल एकदोन दिवसांत.” मग पलीकडून अत्यंत नम्रपणे विचारणा होते, “नंबर देता का?”

इथे विक्रेता ऑफलाइन जातो.

पाकिटाचं काय झालं असेल? ते वाटेत गहाळ झालं असेल. पिनकोडचा एक आकडा चुकल्याने ते भलत्याच तालुक्यात पोचलं असेल. सोसायटीच्या पत्रपेटीत वीजबिलाखाली पडलं असेल. किंवा “आलं नाही हो” हा मेसेज टाइप होत असताना ती कानातली ग्राहकाच्या कानात डुलत असतील. चारही शक्यता विक्रेत्याच्या मोबाइलवर अगदी सारख्याच दिसतात. नंबर नसल्याने चोराला चोर म्हणता येत नाही, तसं सावालाही साव म्हणता येत नाही. बहुतेक ग्राहकांनी खरंच पाकिटाची वाट पाहिलेली असते, पण पुरावा त्यांच्याकडेही नसतो. मग पैसे परत करून विक्रेता मनात म्हणतो, ‘फसवलं वाटतं.’ पैसे घेऊन ग्राहक मैत्रिणीला म्हणते, ‘पाठवलंच नव्हतं वाटतं.’ दोन सज्जन एकमेकांना लबाड ठरवून मोकळे होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ते पाकीट शांतपणे पोचतं.

आता हात झटकलेल्यांची यादी पाहू. पहिला मान टपाल खात्याचा. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमात ब्रिटिशांनी लिहून ठेवलं होतं की वस्तू हरवली, चुकली, उशिरा पोचली किंवा फुटली, तर कायद्याने स्पष्टपणे पत्करलेली जबाबदारी सोडून सरकार काही देणं लागत नाही. स्वतंत्र भारताने हा वसाहतकालीन कायदा मोडीत काढून नवा आणला. टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून अमलात आहे. गुलामीच्या खुणा पुसताना एक खूण मात्र जपून नव्या घरात आणली गेली. ती दहाव्या कलमात आहे. नियमांनी ठरवून दिली असेल तेवढी जबाबदारी सोडून खात्यावर दुसरी कसलीही नाही. साध्या पाकिटाची तर खात्याकडे नोंदच नसते. ते हरवलं हे सिद्ध करण्याआधी ते होतं हे सिद्ध करावं लागतं.

‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ नावाची एक पावती पूर्वी मिळे. थोड्या पैशांत पोस्टाचा शिक्का बसायचा, आणि पत्र पोचलं की नाही ते देव जाणे, पण टाकलं होतं एवढं तरी दाखवता यायचं. २०११ मध्ये तीही बंद झाली. खात्यावर दावा लावू म्हणणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने व्ही.पी.च्या, म्हणजे पैसे घेऊनच माल हाती देण्याच्या टपालसेवेच्या, एका प्रकरणात फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे की पोस्ट म्हणजे भाडं घेऊन माल वाहणारा वाहतूकदार नव्हे आणि पाठवणाऱ्याचा एजंटही नव्हे. ती सरकारची सार्वजनिक सेवा आहे.

मग पोस्ट कोणाचं? या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या एका कारखान्याचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना म्हणजे प्रभाकर कंदिलाचं घर. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राप्तिकराच्या कुंपणाबाहेर. कारखान्याने सरकारला माल पुरवला आणि सरकारने दिल्लीहून टपालाने चेक धाडले. पैसे मिळाले कुठे, दिल्लीत की औंधात? १९५४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. चेकने पैसे पाठवा असं कारखान्यानेच कळवलं होतं आणि चेक टपालानेच येणार हे उघड होतं. तेव्हा पोस्ट हे कारखान्याचं हस्तक झालं आणि पैसे दिल्लीतच मिळाले. कर भरा.

तो खटला चेकचा आणि कराचा होता, कानातल्यांचा नव्हता. पण ‘पोस्टाने पाठवा’ हे नेमकं कोण म्हणालं याला केवढी किंमत असते, ते त्यातून कळतं. मालविक्री अधिनियम, १९३० च्या ३९ व्या कलमाचं पहिलं उपकलम वाचून तर विक्रेत्याला पेढे वाटावेसे वाटतील. माल वाहतूकदाराच्या हवाली केला म्हणजे सकृद्दर्शनी तो ग्राहकालाच दिला, असं ते म्हणतं. पेढ्यांची ऑर्डर देण्यापूर्वी दुसरं उपकलमही वाचलेलं बरं. ग्राहकाने वेगळी मुभा दिली नसेल, तर मालाचं स्वरूप आणि परिस्थिती पाहून वाजवी असा वाहतुकीचा करार विक्रेत्याने करायला हवा. तो केला नाही आणि माल वाटेत हरवला, तर ‘मला काही मिळालेलं नाही’ असं ग्राहक खुशाल म्हणू शकतो किंवा नुकसानभरपाई मागू शकतो. दोन हजारांची चांदीची जोडवी साध्या पाकिटात घालून पेटीत टाकणं हा वाजवी करार होता, असं ग्राहक आयोगापुढे बोलून दाखवायला चांगलाच दम लागेल.

यातली पळवाट कायद्याने स्वतःच उघडी ठेवली आहे, ती ग्राहकाच्या मुभेची. “साध्या पोस्टाने पाठवा, हरवलं तर माझी जबाबदारी,” एवढं एक वाक्य ग्राहकाने लिहून दिलं तर विक्रेत्याच्या बाजूने काहीतरी बोलता येतं. पण ही बोली बहुधा फोनवर होते किंवा सात दिवसांनी आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजात. पुरावा आणि पाकीट साधारण एकाच वेळी दिसेनासे होतात.

वेबसाइटवर किंवा मार्केटप्लेसवर दुकान थाटलं असेल, तर २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेतच. सांगितलेल्या मुदतीत माल पोचला नाही, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. सूट फक्त अस्मानी-सुलतानीची. परदेशी ग्राहकाचा मामला आणखी सरळ. पेपालवर ‘वस्तू मिळाली नाही’ अशी तक्रार करायला ग्राहकाला १८० दिवस असतात, आणि ती खोडायला विक्रेत्याने माल पोचल्याचा पुरावा द्यावा लागतो. ‘मी स्वतः पेटीत टाकलं, शेजारच्या काकू साक्षीला होत्या’ हा पुरावा तिथे चालत नाही. पाडव्याला पाठवलेल्या पाकिटाची तक्रार गणपतीत येऊ शकते.

एवढं सगळं विरोधात असताना विक्रेता गाफील असेल, असं कोणी समजू नये. त्याच्या प्रोफाइलवर नियम चिकटवलेले असतात. ‘ओपनिंग व्हिडिओ कम्पल्सरी.’ ‘व्हिडिओ कट नसावा.’ ‘पॅकेट सहाही बाजूंनी दाखवावं.’ ‘नो व्हिडिओ, नो क्लेम.’ पाकीट आल्यावर ग्राहकाने चित्रपट काढावा, ही त्याची अट असते. पाकीट पाठवताना स्वतः एक पावती घ्यावी, हे मात्र नियमावलीत नसतं. ‘पार्सल हरवल्यास आम्ही जबाबदार नाही’ ही ओळ तेवढी ठळक अक्षरांत असते. त्या ओळीने वरचं एकही कलम रद्द होत नाही, पण प्रोफाइल भारदस्त दिसतं.

पत्त्याचा कारभारही याच तालावर चालतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याच्या आणि संस्कृत कवीच्या डोक्यातून. एका नावाची अनेक गावं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. महाराष्ट्रात वडगावं आणि पिंपळगावं किती, हे टपाल खात्यालाच ठाऊक. पन्नास वर्षं उलटून गेली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता येतो तो ‘गणपती मंदिरासमोर, वडगाव’ असा, आणि तो तसाच्या तसा पाकिटावर उतरतो. वर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो, कारण त्या जागी लोगोचा स्टिकर असतो. असं पाकीट कुठे द्यायचंही कळत नाही आणि कुणाला परत करायचं तेही. खात्यात अशा पत्रांसाठी वेगळं कार्यालय असतं आणि पाठवणारा कोण हे शोधायला तिथे ती उघडली जातात. आत ‘थँक यू फॉर सपोर्टिंग स्मॉल बिझनेस’ असं कार्ड सापडतं. त्यावरही पत्ता नसतो.

नंबर घेतला म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू हरवली तर भरपाई ठरलेली आहे. भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. ६३ रुपये भरून पाठवलेल्या पाकिटात काहीही असो, हिशेब दुपटीपाशी थांबतो. ‘आयटम डिलिव्हर्ड’ असं दिसतं आणि पाकीट वॉचमनच्या टेबलावर क्रिकेट चाललेल्या मोबाइलखाली असतं, असंही घडतं. त्यावर आता ओटीपी सांगितल्याशिवाय पाकीट न देण्याची सोय आहे, ५ रुपये आणि जीएसटी भरून. पण नंबराचं काम भरपाई मिळवून देणं हे नाहीच. पाकीट कुठल्या गावापर्यंत आलं होतं आणि कोणत्या तारखेला, एवढं तो सांगतो. तेवढ्याने ‘आलं नाही हो’ आणि ‘घेतलं नाही हो’ यांतला फरक कळतो आणि बरेच दावे दाखल होण्यापूर्वीच निकालात निघतात.

पुस्तकं विकणाऱ्यांवर तर खात्याने मेहेरनजर केली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा अचानक बंद झाली तेव्हा प्रकाशकांनी आरडाओरडा केला. त्यानंतर १ मे २०२५ ला, नेमकी महाराष्ट्र दिनी, ‘ज्ञान पोस्ट’ आली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोंपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, कर वेगळा, आणि ट्रॅकिंग त्यातच. तेच ३०० ग्रॅमचं पुस्तक साधं पत्र म्हणून तिकीट लावून पाठवलं तर ७५ रुपये पडतात. नंबर नसलेलं महाग आणि नंबर असलेलं स्वस्त, असा योग टपालाच्या दरपत्रकात रोज येत नाही.

अट एकच. आत पुस्तकच हवं. नियतकालिकं चालत नाहीत, जाहिरातींची प्रकाशनं चालत नाहीत. ही बातमी कानातलीवाल्यांच्या आणि मसालेवाल्यांच्या गटात पोचली असून, शंभर ग्रॅम गोडा मसाल्याबरोबर पाककृतींचं पातळसं पुस्तक मोफत द्यावं, की पाककृतींच्या पुस्तकाबरोबर मसाला मोफत म्हणून दाखवावा, यावर तिथे गंभीर चर्चा सुरू आहे. काउंटरवरच्या साहेबांना वास येईल, एवढीच काय ती अडचण निघाली आहे.