बिलेबल आत्मा

हिंजवडीत सध्या आत्म्याला बरे दिवस आहेत. फेज एकपासून तीनपर्यंत कुठल्याही बड्या कंपनीत डोकावा, कॉफीचं मशीन आणि पिंगपाँगचं टेबल यांच्या मधोमध एक ध्यानाची खोली असते. खोलीला कुलूप असतं. किल्ली अ‍ॅडमिनकडे असते आणि अ‍ॅडमिनचा माणूस जेवायला गेलेला असतो. पण खोली आहे, भरतीच्या जाहिरातीत तिचा फोटो आहे, आणि तेवढ्यावर भागतं.

योग दिन जगभर 2015 पासून साजरा होतो. 2025 मध्ये 21 जूनला नेमका शनिवार आला. शनिवारी स्वतःला शोधायला भूमकर चौक ओलांडून कोण येणार? म्हणून माझ्या भाच्याच्या कंपनीने सगळ्यांचा आत्मा शुक्रवारीच उरकून घेतला. कॅफेटेरियातली टेबलं भिंतीला लावली, लोगो छापलेल्या चटया अंथरल्या, दारात हजेरीचा क्यूआर कोड चिकटवला. प्रशिक्षक म्हणाले, ‘‘डोळे मिटा. नाव विसरा. हुद्दा विसरा. आता विचारा, मी कोण?’’ पहिल्या रांगेतल्या डिलिव्हरी हेडनी हुद्दा विसरायचा मनापासून प्रयत्न केला म्हणे. पण आयडी कार्ड पोटावर पडलेलं, श्वासागणिक हुद्दा वरखाली होत होता. शेवटी शवासन झालं. तेव्हा फोटोग्राफर स्टुलावर चढला आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, हात जरा बाजूला घ्या, लोगो झाकला जातोय.’’ प्रेताने हात बाजूला घेतला.

आता गंमत बघा. याच महिन्यात, 12 जूनपासून, टीसीएसचं नवं धोरण लागू झालं होतं. वर्षातले 225 दिवस कर्मचारी बिलेबल हवा, म्हणजे त्याच्या कामाचं बिल कुठल्या तरी ग्राहकाच्या नावावर फाडता आलं पाहिजे. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, फार तर 35 दिवस. पुढच्याच महिन्यात त्यांनी सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. भाच्याची कंपनी वेगळी, पण हिंजवडीत वारा एकीकडून सुटला की सगळ्या इमारतींच्या काचा वाजतात. तिथेही पस्तीस दिवसांचा तोच नियम आला.

आणि भाचा बेंचवर आला.

बेंच ही काय अवस्था आहे, हे बाहेरच्यांना कळत नाही. टीम नाही, टीएल नाही, डेडलाइन नाही. सकाळच्या स्टँडअपला कोणी हाक मारत नाही. माणूस कार्ड टेकवून आत जातो, खुर्चीत बसतो आणि केवळ असतो. ‘‘मामा, मी सध्या कुठेच नाहीये,’’ असं तो मला फोनवर म्हणाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्यासाठी लोक हिमालयात जाऊन दाढ्या वाढवतात, ते या पोराला माणच्या रस्त्यावर, वातानुकूलित जागेत, पगारासकट मिळालं होतं. उपाधी गळाल्या. कर्तेपण गेलं. बुवा-महाराज याला निर्गुण म्हणतात. एचआर याला ‘अनअलोकेटेड’ म्हणते आणि एक्सेल शीटमध्ये लाल रंगाने दाखवते.

ताईने लगेच म्हातोबाला नारळ कबूल केला. हिंजवडीचं हे मूळ दैवत, आयटी पार्कच्या कितीतरी आधीचं. चैत्र पौर्णिमेला त्याचं बगाड निघतं, पाठीत गळ टोचून गळकऱ्याला वर टांगतात, खाली हजारोंचा जयघोष. भाच्याचं म्हणणं असं, की टांगलेलेच आहोत तर बगाडावरचा बरा, त्याला त्याच दिवशी खाली तरी उतरवतात.

मी त्याला सुचवलं, रिकामा आहेस तर इगतपुरीला जा. धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर कर. त्याने मॅनेजरला विचारलं. (बेंचवरच्या माणसालाही मॅनेजर असतो, हे अद्वैत मला अजून उलगडलेलं नाही.) मॅनेजर म्हणाला, ‘‘फोन जमा करतात ना तिथे? मग मधेच क्लायंटचा इंटरव्ह्यू लागला तर?’’ स्वतःला भेटायला दहा दिवस फोन बंद ठेवणं कंपनीला परवडत नाही. ‘माइंडफुल मिनिट’चं नोटिफिकेशन फोनवर पाठवणं परवडतं.

इथून तासाभरावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं, हे यंत्रं लावून तपासलं. त्यांनी योगाचं मोजमाप केलं, हिंजवडीने योग्याचं.

मला मात्र या सगळ्यात राहून राहून आठवतात ते मॉरिस फ्रीडमन. जन्म पोलंडचा, पेशाने विद्युत अभियंता, म्हणजे आजच्या भाषेत फेज तीनचंच गिऱ्हाईक. ऑनसाइटच्या उलट दिशेने आले आणि बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर लागले. ‘मी कोण’ हा प्रश्न विचारत ते तिरुवण्णामलैला रमण महर्षींपाशी बसले. पुढे कारखाना सुटला. औंध संस्थानात गेले, तिथल्या सूर्यनमस्कारवेड्या पंतप्रतिनिधी राजाला स्वतःचे अधिकार प्रजेच्या हाती द्यायच्या प्रयोगात मदत केली. उतारवयात मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांकडे जाऊ लागले. महाराज पूर्वाश्रमीचे मारुती कांबळी, बिडीचे दुकानदार, बोलणार मराठीत. त्या संवादांचं फ्रीडमन यांनी केलेलं इंग्रजी पुस्तक 1973 मध्ये निघालं आणि जगभर गेलं.

आता हाच बायोडेटा एचआरपुढे ठेवा. हातात डिग्री असलेला माणूस, आत्मशोधाला लागला, नोकरी सोडली, संस्थानिकाला राज्य सोडायला लावलं आणि शेवटी बिडीवाल्याच्या माळ्यावर जाऊन बसला. अशी दोन माणसं जरी शुक्रवारच्या सत्रातून तयार झाली असती, तरी योग प्रशिक्षकाचं बिल अडकलं असतं! कंपनीला आत्मा हवाय तो पंचेचाळीस मिनिटांचा, घाम न येणारा, सव्वानऊला लॉगिन करणारा. म्हणून तर सत्राच्या मेलमध्ये विषय होता ‘खरे तुम्ही’ आणि खाली टीप होती, ‘उत्पादकता वाढवण्यासाठी’.

परवा भाच्याला पुन्हा मेल आला. ‘स्वतःला ओळखा, पुढचा टप्पा’, उपस्थिती सक्तीची, वेळ टाइमशीटमध्ये भरावी. त्याने निमूटपणे टाइमशीट उघडली. तिथे प्रोजेक्ट कोड टाकल्याशिवाय पान पुढे सरकेना. त्याने एचआरला विचारलं, ‘‘मॅडम, मला प्रोजेक्टच नाही, मग स्वतःला ओळखण्याचे तास कशावर टाकू?’’

मॅडमनी दोन दिवस वरिष्ठांना विचारून कळवलं, ‘‘तूर्त ‘इतर’मध्ये टाक. पण ते तुझ्या पस्तीस दिवसांत धरले जातील.’’