चेरीचा मुतालिक

उन्हाळ्यात कोणते फळ खावे, हा प्रश्न ज्या मुलखांत कधीही वादाचा विषय झालेला नाही, त्यांत नवी मुंबईचा क्रमांक बराच वरचा लागावा. कारण क्रॉफर्ड मार्केटातील घाऊक फळबाजार 1996 साली वाशीस येऊन स्थिरावल्यापासून कोकणातून निघालेला हापूस प्रथम आमच्या वेशीवर हजेरी लावतो आणि मगच खाडी ओलांडून मुंबईकरांना दर्शन देतो. अशा फलसंपन्न नगरीत, ऐन वैशाखात, आंब्याच्या पेट्यांच्या तटबंदीस वळसा घालून चेरी विकत घ्यावयास जाणे, हे कृत्य कायद्याने दंडनीय नसले तरी लोकापवादास पात्र आहे खास. तथापि मिशिगनमधील विद्यापीठातून सुटीसाठी नेरुळला आलेल्या आमच्या पुतणीने, "काका, या रविवारी चेरी क्रिस्प करू या," असा जाहीरनामा काढला आणि ज्या घरात रविवारचा आमरस हा वतनी हक्क मानला जातो, त्या घरात एकाएकी राज्यक्रांती झाली.

हे क्रिस्प म्हणजे काय, याची रीतसर चौकशी केली असता असे निष्पन्न झाले की, तळाशी साखर घातलेली फळे ठेवावी, त्यांवर मैदा, ओट्स, साखर आणि थंड लोणी यांचा रवाळ चुरा पसरावा आणि सारा ऐवज भट्टीत घालावा. म्हणजे खाली रस खदखदू लागतो आणि वर खमंग, कुरकुरीत कवच धरते. याच कुळातले क्रंबल हे इंग्लंडात विशेष लोकप्रिय झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, असे सांगतात; 8 जानेवारी 1940 पासून तेथे लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर मिळू लागली, तेव्हा फळाला वरून-खालून पिठाचे आच्छादन देण्याची ऐपत न उरलेल्या गृहिणींनी त्याला केवळ वरच्या पांघरुणावर भागविण्यास शिकविले. पदार्थाचा जन्म टंचाईतला असल्याचे ऐकून आमच्या सौभाग्यवतींचे त्याविषयीचे मत किंचित निवळले. मिशिगन हे तर अमेरिकेतील आंबट चेरीचे मुख्य आगर. तेव्हा पुतणीची मागणी म्हणजे हट्ट नसून स्वदेशाभिमान होता, आणि त्यातला स्वदेश कोणता, हा प्रश्न आम्ही दोघांनीही मुत्सद्देगिरीने टाळला.

चेरी आमच्या नगरीत पिकत नाही, यात नगरीचा दोष नाही. हे झाड हिवाळ्यात साधारणतः 7 अंशांखालील थंडीचे शेकडो तास उपभोगल्याखेरीज धड फुलत नाही. आणि आमच्या शेजारच्या मुंबईने थंडीची जी पराकाष्ठा केली, ती 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझ येथे 7.4 अंशांवर येऊन थबकली. सर्व इतिहासात एकवार धैर्य गोळा करून पारा खाली उतरला, आणि तोही चेरीच्या उंबरठ्याबाहेरूनच परत फिरला! म्हणून ती काश्मीरहून येते. तेथेही ती मूळची नव्हे. अकबराने काश्मीर जिंकण्यापूर्वी हे फळ तेथे नव्हते व महंमद कुली अफशार याने ते काबूलहून आणून लाविले, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेविले आहे. आमच्या मराठी फौजा 1758 साली अटकेपर्यंत जाऊन पोहोचल्या खऱ्या, परंतु परतताना चौथाई-सरदेशमुखीच्या हिशेबात चेरीची चार कलमे जमा धरावी, असे कुणा कारभाऱ्यास सुचल्याचे ऐकिवात नाही.

अशा स्थितीत, आम्हांस बालपणापासून चेरी परिचित आहे, असे जे आमच्या पिढीस निष्ठेने वाटत आले, त्याचा उलगडा करणे प्राप्त आहे. वाढदिवसाच्या केकच्या मध्यभागी, आइस्क्रीमच्या शिखरावर आणि पानाच्या विड्यास टोचलेल्या काडीच्या टोकाशी जी तांबडीलाल चेरी विराजमान असे, ती बहुतेक वेळा चेरी नसून करवंद होते. कच्चे करवंद घ्यावे, त्यातील बिया काढाव्या, मिठाच्या पाण्यात मुरवून त्याचा चीक आणि उग्रपणा घालवावा, तांबडा रंग चढवावा आणि उत्तरोत्तर दाट होत जाणाऱ्या साखरेच्या पाकात त्यास बुडवून ठेवावे, की सह्याद्रीच्या काटेरी जाळीत जन्मलेला हा रांगडा गडी चेरी या नावाने दरबारात उभा राहतो. पेशवाईत मोठ्या सरदारांचे मुतालिक असत. धनी मुलूखगिरीवर आणि मुतालिक त्याच्या नावाने शिक्का चालविणार, असा तो परिपाठ होता. करवंदाने चेरीची मुतालिकी अशीच पिढ्यान् पिढ्या इमानाने केली; शिक्का तिचा, पाकात बुडायचे याने, आणि वाहवा पुन्हा तिचीच.

वाशीच्या बाजारात चेरीच्या चिमुकल्या खोक्यांपाशी पोहोचेपर्यंत ज्या नजरा आम्हांवर खिळल्या, त्यांचे वर्णन न केलेले बरे. "साहेब, हापूस अजून संपला नाही," असे एका व्यापाऱ्याने, दुःखिताचे सांत्वन करावे तशा स्वरात आम्हांस सांगितले. पुतणीने मात्र मिश्री जातीचे खोके निवडले, एक फळ चाखले आणि तिच्या मुद्रेवर चिंतेची छटा उमटली. "काका, ही फारच गोड आहे. क्रिस्पला आंबटपणा हवा." ज्या फळासाठी काबूलपासून काश्मीरपर्यंत आणि काश्मीरपासून वाशीपर्यंत एवढा खटाटोप झाला, ते गोड निघाले ही तक्रार ऐकून व्यापाऱ्याने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिले, तिच्यापुढे पहिले सांत्वन काहीच नव्हते.

घरी येताच बिया काढण्याचे खाते आमच्याकडे सोपविण्यात आले. चेरीची बी लहान असली तरी वृत्तीने सरकारी आहे. ती आपली जागा सहजासहजी सोडीत नाही आणि सोडलीच तर समोरच्याच्या अंगावर डाग ठेवून जाते. अर्ध्या तासात आमचा सदरा, हात आणि भिंतीवरील दिनदर्शिकेचा एक सबंध पंधरवडा रक्तवर्ण झाला. त्याच सुमारास सोसायटीच्या देखभाल-वर्गणीची पावती घेऊन आलेल्या सचिवांनी दारातूनच आमचे ते रूप पाहिले, स्वयंपाकघरातून येणारे, "अहो, एकही आत राहता कामा नये!" हे सौभाग्यवतींचे फर्मान ऐकले आणि पंचनाम्यात आपले नाव साक्षीदार म्हणून यावयास नको, अशा लगबगीने पावती उंबऱ्यावर ठेवून काढता पाय घेतला.

लोण्याचे प्रकरण याहून नाजूक होते. थंड लोण्याचे तुकडे पिठात बोटांनी चोळावे, म्हणजे त्याचा रवा बनतो, असे शास्त्र. ते घट्ट राहील तरच कवच खुसखुशीत होते, वितळले की पीठ त्यात भिजून त्याचा लगदा होतो. परंतु हे शास्त्र ज्यांनी लिहिले, त्यांना मे महिन्यातील नेरुळच्या दुपारचा अनुभव नसावा. लोणी शीतकपाटातून ओट्यापर्यंतच्या प्रवासातच शरणागती पत्करू लागले. तेव्हा, हयातभर नानकटाई केलेल्या सौभाग्यवतींनी सूत्रे हाती घेतली, परात बर्फावर ठेविली, बोटे बर्फाच्या पाण्यात बुडवून पुसली आणि पाहता पाहता असा रवाळ चुरा सिद्ध केला की पुतणी उद्गारली, "काकू, हे तुम्हांला कुणी शिकवलं?" "उकाड्यानं," काकू म्हणाल्या.

राहिला आंबटपणाचा प्रश्न. पुतणीने लिंबाची दरखास्त मांडली. परंतु बेलापूर स्थानकाबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईंकडून आदल्या दिवशी घेतलेली पिकली काळी करवंदे पानाच्या द्रोणात तशीच शिल्लक होती. कुणाचीही परवानगी न घेता सौभाग्यवतींनी ती धुतली, चिरून बिया काढल्या आणि चेरीच्या पंगतीस बसविली. जन्मभर जिच्या नावाने कारभार पाहिला, त्या धनिणीचे प्रत्यक्ष दर्शन मुतालिकास अखेर 180 अंशांच्या भट्टीत घडले. पाऊण तासाने भांडे बाहेर आले तेव्हा कडांनी जांभळट रस उसळत होता. चेरीने गोडवा आणि घराण्याची प्रतिष्ठा आणली होती, हे कबूल. पण जिभेला जाग आणणारी, घास संपताच दुसऱ्या घासासाठी हात पुढे करावयास लावणारी जी चव होती, ती निःसंशय करवंदाची होती. कवचाविषयी एवढेच सांगतो की दमट हवेत ते रात्रीपर्यंत टिकले असते की नाही, याची शहानिशा करण्याइतके काही उरलेच नाही.

पुतणीने कृती वहीत उतरवून घेतली आणि साहित्याच्या यादीत करवंदापाशी तिची लेखणी अडली. मिशिगनमध्ये करवंद कोठून आणणार? क्षणभर विचार करून तिने त्यापुढे लिहिले: करवंद न मिळाल्यास त्याऐवजी तिथली आंबट चेरी वापरावी. मिशिगनच्या चेरीला ही नेमणूक पत्करावी लागणार हे उघड आहे. मात्र मुतालिकीची वस्त्रे देताना पूर्वसेवेची पात्रता पाहण्याचा प्रघात असतो, आणि पाकात बुडून राहण्याचा अनुभव तिला कितपत आहे, हे तिने दरखास्तीत स्पष्ट लिहावे.