ऑर्गनवाले काका

साठी उलटून फंड हातात पडला की काही जण चारधामला जातात, काही गुडघे बदलून घेतात आणि काही ऑर्गन विकत घेतात. पुण्याच्या पेठांत, दादर-पार्ल्यात, मडगावात असे एखादे तरी काका असतातच. साधी पेटी त्यांना चालत नाही. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून संगीत नाटक पाहताना रंगमंचाच्या पुढ्यात जो भलाथोरला ऑर्गन दिसला होता, तोच हवा.

तो घरात येतो तेव्हा चार हमाल लागतात आणि दिवाण गॅलरीत जातो. पहिला महिना काका ऑर्गन वाजवत नाहीत, सांगतात. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावी एका एस्टी कंपनीनेच पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. आपली पेटी हवा बाहेर ढकलते, हा आत ओढतो, म्हणून याचा सूर गोल. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं, हे सांगताना तर काकांचा आवाज असा चढतो की बंदी जणू त्यांच्यावरच होती. हरिभाऊ देशपांडे बालगंधर्वांना कशी साथ करत, गोविंदराव पटवर्धनांची बोटं कशी गात, सगळं होतं. शेवटी पाहुणा भिडेखातर म्हणतो, "वाजवा की काहीतरी."

"आज हवा दमट आहे हो," असं काका सांगतात.

शिकवायला येणारे सर काकांच्या मुलापेक्षा लहान. काका त्यांना 'सर' म्हणतात, ते काकांना 'काका'. चहा कोणी आधी उचलायचा यात पाच मिनिटं जातात. काकांची बोटं तशी वाईट नाहीत. तीस वर्षं बँकेत नोटा मोजलेली बोटं ती! घोटाळा आहे पायांत. ऑर्गनला दोन्ही हात मोकळे मिळतात, कारण भाता पायांनी मारायचा असतो. आणि काकांचे पाय तालात पडतात. त्रिताल लागला की पाय त्रितालात, दादरा लागला की दादऱ्यात, आणि त्याबरोबर सूरही हेलकावे खातो. अवघड जागा आली की सगळं लक्ष बोटांकडे जातं, पाय थबकतात आणि ऐन तानेत ऑर्गन सुस्कारा टाकून गप्प होतो. "काका, पाय म्हणजे श्वास," सर सांगतात. "गाताना आपण तालात श्वास घेतो का?" काका मान डोलावतात. पायही डोलतात.

गुडघ्यापाशी एक फळी असते. ती गुडघ्याने बाहेर रेटली की आवाज वाढतो. काकांच्या उजव्या गुडघ्यात कळ आली की नेमकी हळुवार जागाही गर्जून जाते. वर स्टॉपची रांग. त्यातला 'व्हॉक्स ह्यूमाना' ओढला की आत हवेवर एक पंखा फिरतो आणि सुराला कंप येतो. त्या लॅटिन नावाचा अर्थ माणसाचा आवाज, असं काकांनी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, दम्याच्या माणसाचा असेल."

हवा आत ओढायची म्हणजे धूळही आली. धुळीचा एक कण रीडमध्ये अडकला की तो सूर मुका. जुन्या अमेरिकन जाहिरातींत उंदीर शिरणार नाहीत अशा पेडलचा मोठ्या अभिमानाने उल्लेख असे. पेठेतल्या उंदरांनी त्या वाचलेल्या नाहीत. मधल्या सप्तकातला कोमल निषाद गेले दोन महिने बंद आहे, आणि आपण चुकतो तिथे तोच असतो, असं काकांचं म्हणणं.

सध्या सौभद्राची नांदी बसते आहे. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक आणलं तेव्हा साथीला ऑर्गन नव्हताच. पण काकांना हे सांगायच्या भानगडीत कोणी पडत नाही. रोज सकाळी अकराला तिसरी घंटा म्हणून ते स्वतःच स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात आणि सुरू करतात. समोरचे आजोबा त्या वेळी भाजी आणायला जातात. आठ महिन्यांत नांदी संपून पडदा वर गेलेला नाही.

दुपारी काका झोपले की काकू स्टुलावर बसतात. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही. पण पंचवीस वर्षं पायाच्या मशीनवर अख्ख्या आळीच्या पोरींची परकर-पोलकी शिवलीत त्यांनी. एक पट्टी धरतात आणि पाय हलवत राहतात. तो सूर जराही हलत नाही.