मध्यंतरातल्या पाच मिनिटांच्या मालकांस

माननीय प्रशिक्षक दादा,


पत्रास कारण की, गेल्या रविवारी मध्यंतराला आपला संघ ११ गुणांनी मागे होता आणि तुम्ही आम्हाला जे काही सुनावलंत ते समोरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरही नीट ऐकू गेलं. मैदानावरचा लाऊडस्पीकर तेव्हा बंद पडला होता, पण कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी आपल्या कबड्डी मंडळाचा कायमचा राखीव खेळाडू. खेळायला क्वचित उतरतो, त्यामुळे दम लागलेला नसतो आणि कान मोकळे असतात. तुमच्या वक्तृत्वाचा माझ्याइतका अभ्यास अख्ख्या मंडळात कुणाचा नसेल. त्या अधिकारात हे लिहितोय.

आधी कौतुक. कबड्डीत मध्यंतर पाच मिनिटांचं. त्यात तुम्ही ‘लाज वाटते का रे?’पासून सुरुवात करता, आमच्या मनगटांवरून आमच्या खानदानावर येता, तुमच्या काळातल्या मातीच्या मैदानावर जाता, फुटलेली ढोपरं दाखवता, ‘गादीवर खेळणारी पोरं तुम्ही’ असं म्हणून परत येता, आणि पंचांची शिट्टी वाजते त्याच क्षणी ‘जा, मरा!’ म्हणून समारोप करता. एवढा आटोपशीर कार्यक्रम साहित्य संमेलनातही होत नाही.

फक्त रविवारी त्या पाच मिनिटांत आणखी काय चाललं होतं, ते तुमच्या पाठीमागे असल्याने तुम्हाला दिसलं नाही. आपला उजवा कोपरा राखणारा खेळाडू बसल्याबसल्या बुटाची नाडी सोडत होता, कारण घोटा सुजून बूट आवळत होता. समोरचा डावखुरा चढाईपटू पहिल्या डावात त्याच्याच बाजूने येऊन बोनस उचलत होता. मैदानात सहा किंवा सात जण असले की बोनस रेषा ओलांडून पाय टेकवायचा, मागचा पाय हवेत, एक गुण खिशात. आपला कोपरा दर वेळी अर्धं पाऊल उशिरा झेपावत होता. हे कव्हरच्या जागेवर खेळणाऱ्या आपल्या गड्याला कळलं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, ‘तू बोलू नकोस, खेळून दाखव.’ मग दुसऱ्या डावातही समोरचा डावखुरा तसाच येत राहिला आणि बोनस नेत राहिला. आमची मनगटं मात्र अगदी तापलेली होती.

तुम्ही म्हणाल, ओरडल्याशिवाय पोरं पेटत नाहीत. याला आधार आहे आणि तो मी लपवणार नाही. २०१९ मध्ये संशोधक बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या २३ बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली ३०४ भाषणं तपासली. प्रशिक्षक नाराज असला, चिडून बोलला, की संघ उत्तरार्धात चांगला खेळतो असं त्यांना दिसलं. घ्या! हे वाक्य कापून मंडळाच्या फळ्यावर लावायला हरकत नाही. मात्र त्याच अभ्यासाचं पुढचं वाक्यही लावावं लागेल. राग एका मर्यादेपलीकडे गेला, प्रशिक्षक बेभान झाला, की खेळ उलटा घसरतो. ही मर्यादा तुम्ही साधारण नाणेफेकीच्या वेळीच ओलांडता.

शिवाय ती शाळा-कॉलेजातली पोरं होती. आपला संघ एकदा नीट बघा. डावा कोपरा बँकेच्या वसुली विभागात आहे. तो दिवसभर लोकांच्या शिव्या खातो आणि संध्याकाळी साहेबाच्या. मुख्य चढाईपटू मोटारसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. पाच मिनिटं उशीर झाला की गिऱ्हाईक फोनवरच त्याची चामडी सोलतं. कव्हर बदलापूरहून येतो. एके काळी गिरणी सुटली की चाळीतूनच मैदानात उतरणारी माणसं होती. आता गिरण्याही नाहीत आणि ती माणसंही उपनगरांपलीकडे गेली. सरावाला यायला दीड तास, परत जायला दीड तास, आणि वर मंडळाची वर्गणी. अशा माणसाला ‘तुला खेळायचंय की नाही?’ असं तुम्ही विचारता. दादा, खेळायचं नसतं तर तो घरी पंख्याखाली पडला असता. हौशी खेळाडूची इच्छा तपासायची गरजच नसते. तो आला, इथेच ती सिद्ध झाली. ओरडा त्याला दिवसभर फुकट मिळतो, त्यासाठी सायंकाळची लोकल पकडावी लागत नाही.

व्यावसायिकांची गोष्ट निराळी. फुटबॉलमधल्या मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन असे ओरडत की खेळाडूंनी त्याला ‘हेअरड्रायर’ असं नाव दिलं होतं. २००३ मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर त्यांनी रागाने लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर बसला. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रिअल माद्रिदला गेला. फर्ग्युसनकडे तेव्हा त्याच्या जागी दुसरा खेळाडू घ्यायला पैसा होता. आपल्याकडे सामन्यानंतर वडापाव असतो, तोही खजिनदाराच्या मर्जीवर. आपला चढाईपटू रुसून पलीकडच्या गल्लीच्या मंडळात गेला तर त्याच्या जागी कोण? मी. एवढं एक वाक्य वाचून तरी तुम्ही सावध व्हाल अशी आशा आहे.

तुमचा हुकमी एक्का मला ठाऊक आहे: ‘आचरेकर सरांनी सचिनच्या कानाखाली वाजवली होती!’ वाजवली होती. स्वतःचा सामना सोडून सचिन वानखेडेवर शाळेच्या मोठ्या मुलांच्या सामन्यात टाळ्या वाजवायला गेला होता म्हणून. पण ती एक थप्पड सचिन आयुष्यभर सांगत आला, ती रोजची नव्हती म्हणूनच ना? त्याच आचरेकर सरांची दुसरी पद्धत होती स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायची. बाद करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. त्या नाण्याला घसा लागत नाही. तुमचं मात्र रोजचंच आहे. लोकलमधली ‘पुढील स्थानक’ ही घोषणा जशी पासवाल्याला ऐकूच येत नाही, तसं आमचं तुमच्या बाबतीत झालंय. फलाटावर उतरायचं तेव्हा आम्ही आपोआप उतरतो.

आणि ते सिनेमातलं भाषण. ‘चक दे! इंडिया’ तुमचा आवडता, हे तुमच्या मोबाइलच्या रिंगटोनवरून सगळ्या गल्लीला कळलंय. पुन्हा एकदा तो प्रसंग बघा, आवाज बारीक करून बघितलात तरी चालेल. त्यातला प्रशिक्षक अंतिम सामन्याआधी मुलींशी बोलतो तेव्हा ओरडत नाही. जवळजवळ पुटपुटतो. शिवाय ते ‘सत्तर मिनिटं’वालं भाषण हॉकी सत्तर मिनिटांची होती तेव्हाचं आहे, आता ती साठ मिनिटांची झाली. खेळाने दहा मिनिटं आवरती घेतली, भाषणं वाढतच आहेत.

एक नियमाची गोष्ट राहिली. आपला चढाईपटू समोरच्या अंगणात असताना त्याच्याच संघाने त्याला सूचना दिली, सावध केलं, तर समोरच्या संघाला एक गुण देण्याची तरतूद कबड्डीच्या नियमांत आहे. तो बिचारा एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतोय, तीस सेकंद संपत आलीत, समोर सात जण साखळी करून उभे, आणि इकडून तुम्ही ‘डावीकडे! अरे डावीकडे! आंधळा आहेस का?’ गोंगाटात पंच बहुधा काणाडोळा करतात. त्यांनी मनावर घेतलं असतं तर आपण प्रत्येक सामन्यात मध्यंतराआधीच लोण चढल्यागत मागे पडलो असतो. या खेळाच्या जन्मदात्यांना तुमच्यासारखे प्रशिक्षक आधीच भेटले असणार, असा माझा दाट संशय आहे.

गैरसमज नको, आरडाओरड्याशी माझं वैर नाही. मैदानात उतरण्याआधी सातही जण खांद्यावर हात टाकून गोल करतात आणि ‘गणपती बाप्पा’ची आरोळी उठते, तेव्हा बाकावर बसून माझ्याही अंगावर काटा येतो. ती आरोळी आमची असते, आमच्यासाठी असते. तुमची आरोळी बऱ्याचदा मैदानाच्या कडेला बसलेल्या माजी खेळाडूंसाठी आणि पाहुण्यांच्या खुर्चीवरच्या नगरसेवकासाठी असते. संघ हरला, पण प्रशिक्षकाने जीव तोडला, असं त्यांनी म्हणावं म्हणून. तेही समजू शकतो. जिंकलो की चढाईपटूला मिठ्या, हरलो की तुमच्याकडे बोट, हा न्याय कडूच आहे.

मागे एकदा तुमचा घसा पार बसला होता, आठवतं? डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. त्या दिवशीही आपण हरलो, हे कबूल. तुमचं मौन काही जादूची कांडी नव्हे. पण मध्यंतरात प्रथमच कव्हर आणि कोपरा एकमेकांशी बोलले, कोण आधी जाणार आणि कोण मागून आवळणार हे ठरलं, कुणीतरी बर्फ आणला, आणि उत्तरार्धात आपण तीन जण उरलेले असताना एक अव्वल पकड केली. मी वहीत तारीख टाकून ठेवली आहे.

नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक शैलजा जैन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांच्या शिकवणीखाली इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. मुलींशी बोलता यावं म्हणून बाई फारसी शिकल्या, संघाला योग आणि प्राणायाम करायला लावला. तुम्हाला फारसी शिकायची गरज नाही. आम्हाला मराठी चांगली समजते, हळू आवाजातलीसुद्धा.

तेव्हा पुढच्या रविवारी एवढंच करून बघा. पहिली दोन मिनिटं पाणी. मग एकच सूचना, कुणासाठी आणि काय, नाव घेऊन. मग त्यांना एकमेकांशी बोलू द्या. उरलेला वेळ संपूर्ण तुमचा. हवं तेवढं ओरडा, फक्त तोंड पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे करून. चटईसाठीची देणगी अजून बाकी आहे, तिथे तुमच्या गळ्याचा खरा उपयोग होईल.

कळावे, लोभ आहेच, तो कमी आवाजात वृद्धिंगत व्हावा.

आपला,
राखीव खेळाडू, जर्सी क्रमांक १२

ता. क.: आज सरावाला अर्धा तास उशीर होईल. ऑफिसात साहेब आम्हा सगळ्यांना उभं करून टीमचं मनोबल वाढवतायत. त्यांचा घसा बसला की निघतो.