तिसऱ्या आठवड्याची माणसं

सुरतेत शुक्रवारी सिनेमा लागतो, आणि तो चालला तर थोड्याच दिवसांत त्याची साडी निघते. यात अतिशयोक्ती अलंकार नाही. ‘पुष्पा’ डिसेंबर 2021 मध्ये लागला आणि 2022 उजाडल्यावर इथल्या कापडबाजारात अल्लू अर्जुन छापलेल्या साड्या आल्या. परराज्यांतून ऑर्डरीही आल्या. दाढीवरून हात फिरवणारा नायक पदरावर घेऊन हळदीकुंकवाला जायचं म्हणजे बाईला धैर्य हवं. पण आमच्या मामांना त्यात धैर्य दिसत नाही, आकडा दिसतो. मामा राहतात उधन्याला आणि रिंग रोडवरच्या एका मार्केटात साड्यांचा हिशेब लिहितात. मुंबईचे पंडित ज्यावर पानंच्या पानं खरडतात, तो सगळा बॉक्स ऑफिसचा विषय मामा तीन शब्दांत आटपतात: “माल उठला का?”

मुंबईच्या पंडितांचा इथे संबंध काय, असं कुणी विचारेल. तर सिनेमाच्या धंद्याच्या नकाशात गुजरात अजून मुंबई सर्किटमध्येच मोडतो. 1960 साली दोन राज्यं वेगळी झाली, पण वितरकांना ते कुणी कळवलं नसावं.

त्यात आमचा उधना-लिंबायत-डिंडोलीचा पट्टा म्हणजे खानदेशाचं वाढीव अंगण. भुसावळहून सुटलेली गाडी अमळनेर, नंदुरबार करत उधन्याला टेकते. त्याच रुळांवरून लूमवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आलेल्यांच्या आता पिढ्या झाल्या. ही माणसं घरी अहिराणी बोलतात, दुकानात गुजराती आणि थिएटरात शिट्टी.

फेब्रुवारी 2025 मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ लागला तेव्हाची गोष्ट घ्या. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, 1664 मध्ये आणि 1670 मध्ये. त्याच सुरतेत आम्ही रांग लावून तिकिटं काढली, घसा बसेस्तोवर ‘जय भवानी’ म्हटलं, आणि मध्यंतरात सुरतेने साडेतीनशे वर्षांची वसुली पॉपकॉर्नच्या काउंटरवर करून घेतली. सिनेमाने देशात 500 कोटींच्या पुढे मजल मारली. त्यात पॉपकॉर्न धरलेले नाहीत. पण खरी कमाल वर तापीकाठी बऱ्हाणपूरकडे झाली. सिनेमात बऱ्हाणपूरची लूट पाहून असीरगडच्या आसपासची माणसं रात्री टॉर्च घेऊन शेतं खणायला निघाली, मुघलांचं सोनं शोधायला! तिकिटाचे पैसे वसूल करण्याची एवढी जिद्द सुरतच्या व्यापाऱ्यातही मी पाहिलेली नाही.

पॉपकॉर्नचा विषय निघालाच आहे तर तो धसास लावू. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिल बसली आणि तिने खुलासा केला की तेव्हाच्या दरांप्रमाणे सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नवर 5 टक्के, पाकीटबंदवर 12 आणि कॅरॅमलच्या गोडावर 18. त्याच्या आधी, जानेवारी 2023 मध्ये, सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं की बाहेरचं खाणं आणू न देण्याचा हक्क थिएटरवाल्याला आहे. ज्या गावच्या जेवणाला काशीच्या मरणाच्या पंगतीत बसवतात, त्या गावाला हा निकाल किती झोंबला असेल! मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, असंही कोर्टाने म्हटलं. तेव्हापासून आमच्या घराण्यात तान्ह्या बाळाला फार मान आलाय. सिनेमाचा बेत ठरला की मामी आधी विचारतात, “बाळ येतंय ना?” बाळाला परवापरवापर्यंत दात नव्हते. पण त्याच्या डब्यात ठेपले, लसणाची चटणी आणि वाफेचा लोचो असतो. दारावरचा पोऱ्या डबा उघडतो, बाळाकडे बघतो, मामींकडे बघतो आणि मुकाट्याने आत सोडतो.

माणूस थिएटरात कशाला येतो, यावर आमच्या घरात दोन घराणी आहेत. मामांचं घराणं भावाचं. त्यांचा पुरावा 23 सप्टेंबर 2022चा. त्या दिवशी राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून देशभरच्या थिएटरांनी तिकीट 75 रुपयांवर आणलं आणि मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेच्या हिशेबाने एका दिवसात 65 लाख माणसं आली. “बघा भाचेबुवा,” मामा म्हणाले, “कापूस असो की करीना, भाव उतरला की गिऱ्हाईक येतंच.”

मामी त्यांना पुरून उरतात. “फुकट दाखवला तरी तुम्ही झोपताच ना?” हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा जास्त खोल आहे. 1975 साली ‘शोले’मध्ये झाडून सगळे नट घेतले होते. त्याच वर्षी, मोठा नट म्हणावा असा कुणीही नसलेला ‘जय संतोषी माँ’ तुफान चालला. बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर नाणी उधळायच्या. 1991 ला ‘माहेरची साडी’ आला. 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ आला आणि बायका नटूनथटून, घोळक्याने, गॉगल लावून गेल्या. “यात भाव कुठे आला?” मामी विचारतात. “एकटी बाई सिनेमाला जात नाही हो. ती जाऊ नेते, नणंद नेते, शेजारीण नेते. तुमच्या त्या ‘सैयारा’ला पोरं रडली म्हणे. रडू देत. जोडप्याची तिकिटं दोनच!”

हे ऐकून मामा कधी नव्हे ते गप्प झाले. कारण ‘लालो’चं गणित त्यांना सुटलेलं नव्हतं. ‘लालो – कृष्ण सदा सहायते’ हा गुजराती सिनेमा 10 ऑक्टोबर 2025 ला लागला. बजेट चिमूटभर. जुनागढचा एक रिक्षावाला फार्महाऊसमध्ये अडकतो आणि तिथे त्याला कृष्ण भेटतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीला थिएटरात माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त. मामांनी “माल पडून” असा शेरा मारून वही मिटली. मग दिवाळीची सुट्टी लागली, वराछा-कतारगामचे हिरे घासणारे रत्नकलाकार कारखाने बंद करून सौराष्ट्रात आपापल्या गावी गेले. त्यानंतर गर्दी अशी उसळली की हा सिनेमा 100 कोटी ओलांडणारा पहिला गुजराती सिनेमा ठरला. गावच्या ओसरीवर कुणी कुणाला काय सांगितलं याची नोंद कुठल्याच ट्रेड मासिकात नाही. मामींनी मात्र लगेच निकाल दिला: “आजीला सोबत नेता येतं त्यात.”

मला हा निकाल पटतो, कारण आमच्या घरी सिनेमा कसा ठरतो ते मी पाहिलंय. आम्ही बाळ सोडून चौदा जण. परीक्षणं कुणी वाचत नाही, ट्रेलर फक्त पोरं बघतात. मामींची अट एकच: चौदा खुर्च्या सलग हव्यात. एक जरी मागच्या रांगेत गेला तरी डबा फिरत नाही. आता हिट सिनेमाला पहिल्या आठवड्यात चौदा सलग खुर्च्या कोण देणार? त्या फक्त पडलेल्या सिनेमाला मिळतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत पडलेले झाडून सगळे सिनेमे आम्ही पहिल्या रविवारी, सहकुटुंब आणि अत्यंत आनंदात पाहिले आहेत. सिनेमा वाईट होता हे आम्हाला घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळतं.

आणि चांगला सिनेमा? तो आम्ही तिसऱ्या आठवड्यात बघतो, गर्दी ओसरून रांग मोकळी झाली की. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला हिरोचे भक्त भरतात आणि त्याच्या बातम्या होतात. त्यानंतर सिनेमा उभा राहतो तो आमच्यासारख्या बिऱ्हाडांवर. परवा टीव्हीवर एक जाणकार फार गंभीर चेहऱ्याने सांगत होते की सिनेमाची तिसऱ्या आठवड्यातली ‘पकड’ हे एक गूढ आहे. मामींनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि फोनवर धाकट्या जावेला विचारलं, “रविवारी चौदा आहोत की पंधरा? बाळाला आता दात आलेत, त्याचं तिकीट काढावं लागेल का गं?”