पाल्यासाठी हॉकी क्लब निवडताना: पनवेलकर पालकांना सविस्तर मार्गदर्शन

हॉकीचा क्लब निवडताना पालक हमखास एक चूक करतात. ते मैदान बघायला जातात. मैदानात खडे किती, सर ओरडतात किती, पोरं घामाघूम होतात की नाही, असल्या बाबी पाहून घरी येतात आणि चहा पिता पिता मत बनवतात. मुलाला हॉकी शिकवायची असेल तर हे ठीकच. पण प्रस्तुत मार्गदर्शन त्या पालकांसाठी नाही. दहावीची गुणपत्रिका, अकरावीची यादी आणि पुढेमागे निघणारी सरकारी भरतीची जाहिरात यांवर नजर ठेवून ज्याने पाल्याच्या हाती स्टिक दिली आहे, त्याने क्लब पारखायचा तो मैदानावरून नव्हे, कपाटावरून. कार्यालयातलं करड्या रंगाचं पत्र्याचं कपाट उघडायला लावावं. फायली वर्षवार लावल्या आहेत की खेळवार, हे पाहावं. गेल्या पाच वर्षांत क्रीडागुणांचे किती प्रस्ताव मुदतीत गेले आणि किती त्रुटीसह परत आले, ते विचारावं. या प्रश्नावर जो गृहस्थ खिशातून चष्मा काढतो, तो क्लबमधला सर्वांत महत्त्वाचा माणूस. शिट्टी गळ्यात अडकवलेला तो दुसरा.

या सल्ल्यामागे हिशेब आहे. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या खेळाडूंना जास्तीत जास्त 25 वाढीव गुण देतं. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय अशी पायरी चढावी तसे गुण वाढतात. दहावीला सर्वोत्तम पाच विषयांचे 500 गुण धरले जातात, म्हणजे 25 गुण झाले सरळ पाच टक्के. 2025 च्या दहावीत 211 मुलांना शंभर टक्के मिळाले. अशा निकालांत कला-क्रीडेच्या वाढीव गुणांचा हातभार असतो, हे पेढे वाटणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असतं. यादी जिथे दशांश चिन्हानंतर हलते, तिथे पाच टक्के म्हणजे घर आणि आवडीचं कॉलेज यांच्यातलं अंतर. नोकरीत तर राज्य सरकारने खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षणच ठेवलं आहे. (खारघरमधल्या सीबीएसईच्या पालकांनी इथेच थांबायला हरकत नाही. ते मंडळ गुण देत नाही. राष्ट्रीय स्पर्धा आणि परीक्षा एकाच तारखेला आल्या तर परीक्षेची तारीख तेवढी बदलून देतं. ही सवलत सुसंस्कृत आहे, पण तिची टक्केवारी काढता येत नाही.)

आता हॉकीच का, हा प्रश्न. पनवेलसारख्या गावात, जिथे कबड्डी रायगडच्या मातीतच आहे आणि क्रिकेट प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तिथे हॉकी म्हटलं की लोक आधी ‘चक दे’ म्हणतात आणि मग विषय बदलतात. नेमका हाच हॉकीचा गुण. कबड्डीत जिल्ह्याच्या अंतिम फेरीपर्यंत पोचायचं तर गावोगावच्या पोरांच्या मांड्यांशी सामना करावा लागतो. क्रिकेटमध्ये तर संघात येण्यासाठीच वशिला, पॅड आणि नशीब तिन्ही लागतात. ज्या खेळात संघच मोजके, तिथे पहिली पायरी चढायला फारसा दम लागत नाही. शिवाय पनवेलला भूगोलाची साथ आहे. शालेय स्पर्धांच्या लेखी महानगरपालिका म्हणजे स्वतंत्र जिल्हाच, आणि पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 पासून अस्तित्वात आहे. म्हणजे कामोठ्यातल्या शाळेचा ‘जिल्हा’ खांदा कॉलनी, कळंबोली आणि तळोजे ओलांडला की संपतो. तीच शाळा हद्दीपलीकडे असती, तर जिल्ह्यासाठी थेट अलिबागकडे तोंड करावं लागलं असतं. घर घेताना पालक स्टेशनपासूनचं अंतर विचारतात, पाणी विचारतात. शाळा हद्दीच्या कुठल्या बाजूला येते हे विचारणारा अजून विरळा.

या गणितातली अडचण लपवणं मार्गदर्शकाला शोभणार नाही. जिल्हा जिंकला की विभाग येतो, आणि आपला विभाग मुंबईचा. तिथे वांद्रे येतं. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेने जोकिम कार्व्हालो आणि विरेन रस्किन्हा यांच्यासारखे ऑलिम्पिक खेळाडू दिले. पनवेलच्या संघाने त्या परंपरेसमोर काय करावं? स्वच्छ गणवेशात वेळेवर हजर राहावं. समंजस पालकाने आपली महत्त्वाकांक्षा जिल्ह्यापाशी थांबवावी आणि वर जे मिळेल ते देवाची कृपा समजावी.

पुढची पायरी म्हणजे पाल्याची मैदानातली जागा ठरवणं. सगळ्यांना मुलगा सेंटर फॉरवर्ड हवा असतो, कारण गोल त्याच्या नावावर लागतो. हा दृष्टिकोन भावनिक आहे. प्रमाणपत्र संघाला मिळतं. अकरा जण मैदानात असतात, बाकीचे बाकावर, आणि कागद सगळ्यांचा सारखाच. या दृष्टीने संघातली सर्वोत्तम जागा राखीव गोलरक्षकाची. गोलरक्षक जायबंदी झाला तर काय, या भीतीपोटी प्रत्येक संघ दुसरा गोलरक्षक बरोबर नेतो. पहिला गोलरक्षक सहसा जायबंदी होत नाही, कारण संघात अंगभर कवच घालणारा तोच. त्यामुळे राखीव गोलरक्षक संपूर्ण स्पर्धाभर पुस्तक वाचू शकतो. वेळेचा हिशेबही त्याच्याच बाजूने लागतो. आठवड्याला सहा तास सराव धरला, तर आठवी ते दहावी या तीन वर्षांत 936 तास होतात. संघ अगदी वरच्या पायरीपर्यंत गेला आणि पूर्ण 25 गुण मिळाले, तरी एका गुणाला साडेसदतीस तास पडले. एवढ्या वेळात बीजगणिताचा एक धडा पाठ करून विसरूनही होतो. राखीव गोलरक्षकाने सरावाला महिन्यातून एकदा तोंड दाखवलं तर हाच दर कुठल्याही कोचिंग क्लासच्या तोडीस तोड येतो.

जाणकार इथे मैदानाचा मुद्दा काढतील. आधुनिक हॉकी कृत्रिम पृष्ठभागावर खेळतात, निदान 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून तरी. आणि त्याच स्पर्धेत भारत सातवा आला. त्यामुळे मातीवर शिकलेल्या मुलाचं पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात पनवेलच्या शाळेच्या मैदानावर दीडशे-एकशेसाठ ग्रॅमचा तो पांढरा टणक चेंडू पास म्हणून येतो, वाटेत खड्यावर उडतो, नडगीवर बसतो आणि उरलेला वेग डबक्यात घालवून तिथेच राहतो. मुलगा चेंडू काढायला वाकतो तोवर समोरचा संघही वाकलेला असतो. टर्फवर हाच चेंडू सुळकन येऊन स्टिकला चिकटावा लागतो. मनगटाला ते शिकवायला वर्षं जातात. हॉकीचं मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असतं. तासावर भाड्याने मिळणारी, जाळीत कोंडलेली हिरवी चटई बॉक्स क्रिकेटपुरतीच. खरं टर्फ हवं तर हार्बरची लोकल पकडून दीड तासाने मुंबई गाठायची आणि चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर जायचं, नाहीतर द्रुतगती मार्गाने घाट चढून पिंपरीच्या नेहरूनगरला. क्लब निवडताना मात्र या गोष्टीला शून्य गुण द्यावेत. क्रीडागुणांच्या अर्जात पृष्ठभागाचा रकाना नाही.

चित्रकलेचं काय, असाही एक आक्षेप येतो, आणि तो खरोखर वजनदार आहे. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण मिळतात, ‘ब’ला पाच, ‘क’ला तीन. ना गुडघा फुटत, ना लोकल पकडावी लागत, ना वांद्रे आडवं येत. सात गुणांपुरतं पाहिलं तर स्थिरचित्र हा हॉकीपेक्षा सरस खेळ आहे, हे मान्यच करायला हवं. पण चित्रकलेत राखीव गोलरक्षक नसतो. कागदावरची सुरई स्वतःलाच काढावी लागते, आणि ती तिरकी आली तर संघाच्या नावावर ढकलता येत नाही.

न्यू जर्सीला आत्या असलेल्या घरांत निराळाच विचार चालतो: हॉकीच्या जोरावर अमेरिकेत शिष्यवृत्ती. तिकडे कॉलेजचे प्रशिक्षक खरोखरच क्लबच्या सामन्यांना वही घेऊन येतात, मुलांना हेरतात आणि दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपासून अधिकृतपणे संपर्कही साधतात. पालकांनी मात्र आधी पाल्य मुलगा आहे की मुलगी, हे तपासावं. अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए या संघटनेत मैदानी हॉकी फक्त मुलींची आहे. मुलांसाठी हॉकी आहे ती बर्फावरची, आणि पनवेलला ती तूर्तास शिकता येत नाही. मुलगी असेल तरी हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, तिसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजांतही नाही. मुलीला पाठवण्याआधी आत्याला एवढं सांगून ठेवावं, म्हणजे ती शेजाऱ्यांना सांगणार नाही.

आपल्याकडे प्रशिक्षक वही घेऊन येत नाही. आपणच झेरॉक्स घेऊन जातो. त्यातही अपवाद निघतात आणि ते मार्गदर्शनाचा डोलारा हलवतात. दिल्ली विद्यापीठ क्रीडा कोट्यात प्रमाणपत्र पाहून थांबत नाही, प्रत्यक्ष चाचणी घेतं, म्हणजे राखीव गोलरक्षकाला तिथे खरोखर चेंडू अडवावा लागतो. आयआयटी मद्रासने 2024 पासून प्रत्येक बी.टेक. शाखेत खेळाडूंसाठी दोन जागा ठेवल्या आहेत, त्यातली एक मुलींसाठी. पण त्या मिळवायला जेईई अॅडव्हान्स्डच्या यादीतही यावं लागतं. एकाच मुलाने दोन्ही करायचं, ही अपेक्षा पनवेलच्या कोचिंग क्लासच्या वेळापत्रकाशी विसंगत आहे. रस्किन्हाचं उदाहरण पालक आवडीने देतात: ऑलिम्पिकही खेळला आणि हैदराबादच्या आयएसबीतून एमबीएही झाला. पण त्यानेही आधी स्टिक खाली ठेवली, मग पुस्तक उचललं.

मुलाला खरंच खेळायचं असेल तर काय, हा सर्वांत गैरसोयीचा आक्षेप. त्यासाठी सरकारची निवासी क्रीडा प्रबोधिनी आहे. तिथे कपाट नव्हे, मूल तपासून घेतात. कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2009 मध्ये तिथे गेला, पुढे रेल्वेत टीसी झाला आणि 2024 मध्ये पॅरिसहून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला. पालकांनी पाहावं: हिशेबाच्या दृष्टीने नोकरी आधी लागली, पदक नऊ वर्षांनी. त्याच्याही आधी 1952 मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कॉलेजने खेळाडूसाठी काय करावं, याचं महाराष्ट्रातलं हे सर्वांत ठळक उदाहरण. दुर्दैवाने माहितीपुस्तिकेत याची तरतूद नसल्यामुळे प्रवेशाच्या वेळी प्राचार्यांकडे ही मागणी करू नये.

उरला कागद. क्लब प्रमाणपत्र देतो त्यावर सोनेरी वेल असते, मध्ये छापील मजकूर आणि मुलाचं नाव मात्र निळ्या शाईत, कोणाच्या तरी घाईच्या अक्षरात. सोनेरी वेलीचा उपयोग शून्य. उपयोग आहे तो खालच्या कोपऱ्यातल्या संघटनेच्या नावाचा. ती मान्यताप्राप्त नसेल तर ‘राष्ट्रीय’ लिहिलेल्या कागदाची किंमत भिंतीवरच्या खिळ्याएवढी. नेपाळला जाऊन तीन दिवसांत मिळणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ पदकांचंही तेच. ट्रॅम्पोलिन-टम्बलिंगच्या बनावट प्रमाणपत्रांवर लोकांनी सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं उघडकीस आलं, तेव्हापासून क्रीडा उपसंचालकांकडची पडताळणी कडक झाली आहे. उडी न मारता उडीचं प्रमाणपत्र मिळवणारे ते लोक या मार्गदर्शनाचे सर्वांत निष्ठावान वाचक ठरले असते. फक्त त्यांनी संघ, स्पर्धा आणि बाक या तीन पायऱ्या गाळल्या. आमच्या पद्धतीत निदान बाकावर बसावं तरी लागतं.

तेव्हा नाव शाळेच्या रजिस्टरप्रमाणेच लिहून घ्यावं, वडिलांच्या नावासकट. जन्मतारीख तिथल्या तिथे तपासावी. लॅमिनेशन करू नये. शिक्का खरा आहे का ते बघायला साहेब कागद उन्हात धरतात. प्रस्तावाची पोच घ्यावी आणि पोचेचीही झेरॉक्स काढावी. स्टिक किती वजनाची घ्यावी, हे मात्र मुलालाच विचारावं. बाकीच्या घराला त्यातलं काही कळत नाही.